गंगाधरगुरुजींची पहिली पोस्त

गंगाधरगुरुजींच्या आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी कमाई अकरा रुपयांची होती, आणि ती त्यांना जेल रोडवरच्या स्वतःच्या घराच्या दारात झाली.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. बेल वाजली म्हणून गुरुजींनी दार उघडलं, तर समोर सोसायटीचा वॉचमन वाल्मीक. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर सणाचं हसू.

"साहेब हायेत का?"

साहेब म्हणजे गुरुजींचा मुलगा विहंग. तो आणि सून तेजश्री खरेदीला बाहेर पडले होते. "नाहीत," गुरुजी म्हणाले. "काय काम होतं?"

"काम नाय, गुरुजी. ते आपलं दिवाळीचं..." असं म्हणून वाल्मीक थांबला आणि पायपुसण्याकडे बघू लागला.

अशा वेळी दारातल्या माणसाने खिशात हात घालायचा असतो, हे लहान पोरालाही कळतं. गुरुजी मात्र प्रसन्न चेहऱ्याने उभेच. शेवटी ती शांतता वाल्मीकलाच सोसेना. सणाच्या दिवशी गुरुजींच्या दारातून तसंच कसं वळायचं, असं त्या भल्या माणसाच्या मनात आलं असावं. त्याने खिशात हात घातला, दहाची नोट आणि वर एक रुपया गुरुजींच्या तळहातावर ठेवला, वाकून पायांना हात लावला आणि लिफ्टकडे गेला. गुरुजींनी 'कल्याणमस्तु' म्हटलं, मूठ मिटली आणि दार लावून घेतलं. पोस्त मागायला आलेला माणूस आपल्यालाच दक्षिणा देऊन गेला, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा लिफ्ट खाली पोचली होती.

मालिनीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कळलं तेव्हा त्या चकलीचा सोऱ्या हातात धरून इतक्या हसल्या की एक चकली कढईत सरळच पडली. पुढे वर्षभर घरात कोणी पाहुणा आला की चहाबरोबर ही गोष्ट दिली जाई. पाहुणा हसे, विहंग हसे, तेजश्री तोंडाला पदर नव्हता म्हणून ओढणी लावून हसे. गुरुजीही हसत, पण त्यांना ते मनाला लागलं होतं. रात्रंदिवस लागलं होतं म्हटलं तरी चालेल.

त्यात गुरुजींचा दोष तसा नव्हताच. रामकुंडावर चाळीस वर्षं त्यांनी यात्रेकरूंचे विधी केले. गुडघ्यांनी असहकार पुकारला, पाटावर बसलं की उठता येईना आणि उठलं की बसता येईना, तेव्हा दोन वर्षांपूर्वी पंचवटीतलं बिऱ्हाड हलवून ते नाशिक रोडला, जेल रोडवरच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आले. पंचवटीत गुरुजींकडे पोस्त मागायला कोणी फिरकत नसे. तिथे देणारे सगळे बाहेरगावचे आणि घेणारे सगळे गल्लीतले, असाच व्यवहार होता. त्यामुळे देणं या विषयात गुरुजींचा अभ्यास पूर्ण कच्चा राहिला. घेण्यात मात्र त्यांचा हात धरणारा घाटावर नव्हता. तळहातावर नोट टेकली की न बघता, मंत्र न थांबवता, ती किती रुपयांची आहे हे त्यांना कळत असे. हात आपला आपण उघडे, आपला आपण मिटे. जुन्या नोकराने मालकाला न विचारता कामं उरकावीत तसा तो हात झाला होता.

पण गुरुजींच्या मनात एक शब्द मात्र चाळीस वर्षं अडकून राहिला होता.

यजमान विचारी, "गुरुजी, दक्षिणा किती?" यावर गुरुजींचं उत्तर ठरलेलं: "यथाशक्ती. तुमच्या मनाला येईल ते." वास्तविक गुरुजींच्या मनात एक आकडा असे आणि तो अगदी नेमका असे. तो यजमानाने आपणहून ओळखावा एवढीच माफक अपेक्षा. यजमान तो क्वचितच ओळखी. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी दर वर्षी वडिलांच्या श्राद्धाला येई. भाव चढला असला की त्याच्या वडिलांची चंगळ, पडला असला की तिळावर भागवायचं. एका वर्षी कांद्याने असा भाव खाल्ला की पठ्ठ्या नवीकोरी गाडी घेऊन घाटावर आला. दोन तास विधी झाला. शेवटी त्याने गुरुजींच्या हातावर एकवीस रुपये ठेवले आणि वर "गुरुजी, तब्येतीला जपा" असा सल्ला दिला. त्या वेळी गुरुजींच्या ओठांवर एक शब्द आला होता: "एवढंच?" तो त्यांनी गिळला आणि "कल्याणमस्तु" म्हटलं. असं किती वेळा झालं याला गणती नाही. पुढे पुढे तर यजमान मोबाइलवरून पैसे देऊ लागले आणि घाटावरचा तो बोलका डबा "अकरा रुपये प्राप्त झाले" असं खणखणीत आवाजात ओरडू लागला. शेजारचे चार गुरुजी वळून बघत. तरीही 'कल्याणमस्तु' म्हणावंच लागे.

तर यंदा कोजागरीचं दूध पिता पिता गुरुजींनी घरात जाहीर केलं, "या वर्षीची पोस्त मी देणार. माझ्या पैशांतून, माझ्या हाताने."

विहंगच्या नाकातून दूध यायचं राहिलं. मालिनीबाई म्हणाल्या, "अहो, द्या की. पण तुमच्या हाताला सवय नाही. जपून."

तेजश्री व्यवहारी मुलगी. ती म्हणाली, "बाबा, वाल्मीककाकांचा क्यूआर आहे माझ्याकडे, तुम्ही नुसते पाठवून टाका. आणि लंकाबाईंचं सांगू का, त्यांना आपण दर वर्षी..."

"काही सांगू नकोस," गुरुजींनी तिला हात वर करून थांबवलं. "तू सांगितलंस की ते तुझं देणं झालं. माझं मी ठरवणार. आणि देणं हातातून हातात झालं पाहिजे."

ठरवायला बसले तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो कोणाकोणाला द्यायचं हा. गुरुजींनी तो आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला. तर्पणात कोणी सुटत नाही. आई-बाप, आजे-पणजे, मग मामा, आत्या, सासरा, गुरू, मित्र, आणि ज्यांचं कोणीच नाही असे सगळे अनोळखी जीवसुद्धा. गुरुजी गॅलरीत बसून त्याच क्रमाने सोसायटी आठवू लागले. वॉचमन, भांडीवाली, घंटागाडीवाला, दूधवाला, पेपरवाला, लिफ्टदुरुस्तीवाला, गॅसवाला, वर्षातून एकदा पाण्याची टाकी धुणारा, उंदरांचं औषध टाकून जाणारा. पार्सलं घेऊन येणारी रोजची नवी पोरं त्यांनी 'अनोळखी जीव' या सदरात घातली.

"थांबा," मालिनीबाई आतून ओरडल्या, कारण गुरुजी हे सगळं मोठ्याने म्हणत होते. "थोड्या वेळाने उंदरांनाही द्याल. जे रोज आपल्या दाराशी येतात तेवढे पुरे."

असे तिघे उरले. वाल्मीक, घंटागाडीवरचा फकिरा, आणि लंकाबाई.

लंकाबाई त्यांच्याकडे भांडी-फरशी करायची. हरसूलच्या बाजूची, बारीक चणीची, तोंडाने खमकी. अख्ख्या सोसायटीत गुरुजींना नमस्कार न करणारं हे एकच माणूस. उलट सकाळी ती पोछा घेऊन आली की "पाय वर घ्या, गुरजी" असा हुकूम सोडायची, आणि गुरुजी गुडघे दुखत असूनही पाय वर घेत. "तुमच्याकडे पूजा कोण सांगतं गं?" असं त्यांनी एकदा कुतूहलाने विचारलं होतं. "आमच्यात भगत असतो," ती फरशीवरची नजर न काढता म्हणाली होती. "त्यो कोंबडं घेतो. तुमाला नाय जमायचं."

दुसरा प्रश्न, किती द्यायचं. गुरुजींना वाटलं, सरळ विचारावं. ते खाली गेले आणि वाल्मीकच्या शेजारी बाकावर बसून म्हणाले, "वाल्मीक, यंदा पोस्त मी देणार आहे. किती देऊ, मोकळेपणाने सांग."

वाल्मीक हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या मनाला येईल ते."

गुरुजींच्या अंगावर काटा आला. हे वाक्य त्यांच्या घरचं होतं. या वाक्याच्या पोटात एक आकडा दडलेला असतो आणि तो ओळखता आला नाही की समोरचा गिळतो आणि हसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी वाल्मीकच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. भाविक हसू होतं. आपणही असेच दिसत असू, असं त्यांच्या मनात आलं आणि चाळीस वर्षांच्या सगळ्या यजमानांची त्यांना एकदम दया आली. लासलगावच्या व्यापाऱ्याची मात्र आली नाही.

शेवटी आपल्या अंदाजाने त्यांनी पाकिटं भरली. वाल्मीकला पाचशे एक, फकिराला दोनशे एक्कावन्न, लंकाबाईला पाचशे एक. वरचा रुपया शकुनाचा.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते धोतर नेसून, उपरणं घेऊन खाली उतरले. साधं पाकीट द्यायला एवढा थाट कशाला, असं मालिनीबाईंनी विचारलं. पण पाण्याशिवाय दिलेलं दान लागू पडत नाही, ही गुरुजींची पक्की समजूत. त्यामुळे सोबत पळी-पंचपात्री आणि तुळशीचं पानही होतं. गेटपाशी त्यांनी वाल्मीकला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, त्याच्या ओंजळीत पाकीट ठेवलं, त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि पळीभर पाणी सोडून "न मम" म्हटलं.

बिचारा वाल्मीक. पाकीट भिजलं, बाही भिजली आणि तोंडासमोर संस्कृत. आपली कसली तरी पूजा झाली एवढंच त्याला कळलं. पूजा झाली की काय करायचं हे त्याला आईने लहानपणीच शिकवलेलं होतं. त्याने खिसा चाचपला, एक्कावन्न रुपये गुरुजींच्या हातावर ठेवले आणि पायांवर डोकं टेकलं.

गुरुजींचा हात उघडला आणि मिटला. "कल्याणमस्तु," ते म्हणाले. लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यांनी मूठ उघडून पाहिली आणि स्वतःच्याच हातावर चिडून दुसऱ्या हाताने एक चापट मारली. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांना वाटलं, डास असेल.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं तसे गुरुजी पाकीट घेऊन निघाले. आज पळी नाही, पान नाही, संस्कृत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पँट घातली होती, सदरा विहंगचा होता.

फकिराने त्यांना लांबूनच ओळखलं. "गुरुजी! देवासारखे आले बघा. कालच नवी गाडी मिळाली. कोरी हाय. नारळ फोडायचा राहिलाय, तेवढा मुहूर्त करून द्या ना."

आता सांगा, नाही कसं म्हणायचं? समोरच्या किराणा दुकानातून नारळ आला, कुंकू आलं. गाडीचं गाणं बंद करायचं बटण नवीन असल्याने कोणालाच सापडेना. ओला कचरा हिरव्या डब्यात टाका, सुका कचरा निळ्या डब्यात, अशा त्या घोषात गुरुजींनी गणपतीचं स्मरण केलं आणि बोनेटवर स्वस्तिक काढलं. हातात बादल्या घेतलेल्या अर्ध्या सोसायटीने अक्षता म्हणून झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. नारळ एका फटक्यात फुटला. मग गुरुजींनी संधी साधून फकिराच्या हातात पाकीट कोंबलं. "हे तुझं. दिवाळीचं. घे आणि जा."

फकिराने ते कपाळाला लावलं. मग मागे वळून आपल्या दोन जोडीदारांकडे पाहिलं. त्यांनी पन्नास-पन्नास काढले. फकिराने स्वतःकडे शोधलं, सुटे सापडेनात, तेव्हा त्याने हातातलंच पाकीट वर ठेवून सगळं गुरुजींच्या हातात दिलं. "नव्या गाडीची दक्षिणा, गुरुजी. नाय म्हणू नका, गाडीला लागंल."

हात उघडला. हात मिटला.

घरात टेबलावर गुरुजींनी पाकीट ठेवलं. तेच पाकीट, आतला रुपयाही तोच. शेजारी शंभर रुपये, नारळाची अर्धी वाटी आणि कालचे एक्कावन्न. विहंगने चष्मा वर सारून पाहिलं. "बाबा, घंटागाडीत चाळीस टक्के नफा आहे. आपण हा धंदाच का करत नाही?"

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते खुर्चीत बसले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मालिनीबाईंनी विहंगला डोळ्यांनी दटावलं.

"मालिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "जन्मभर लोकांनी दिलं म्हणून आपलं घर चाललं. त्यातलं चिमूटभर तरी परत कोणाच्या हातावर ठेवावं, एवढीच इच्छा होती. पण माझ्याकडून कोणी घेतच नाही गं. मला काही देता येणारच नाही का?"

मालिनीबाईंनी नारळाची वाटी उचलून आत नेली.

अकरा वाजता लंकाबाईचं काम उरकलं. आज तिला घाई होती. संध्याकाळी गावाकडे वाघबारस. वाघदेवाला नैवेद्य दाखवायला घरातली मोठी माणसं हवीत, आणि ती घरात मोठी होती. दुपारची हरसूलची एसटी पकडायची होती. हात पुसत ती हॉलमध्ये आली. आतल्या खोलीच्या दाराआड विहंग आणि तेजश्री श्वास रोखून उभे होते.

गुरुजींनी शेवटचं पाकीट पुढे केलं. मनातल्या मनात त्यांनी देवाला एवढंच सांगितलं की हिला माझ्या पायांपासून लांब ठेव.

"लंकाबाई, ही तुझी पोस्त."

लंकाबाईने पाकीट घेतलं. कपाळाला लावलं नाही. कमरेला खोचलं नाही. जगात आजवर कोणी केलं नसेल ते तिने केलं. देणाऱ्याच्या तोंडासमोर पाकीट उघडलं, आत बोट घालून पाहिलं आणि मान वर केली.

"एवढंच?"

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं गिळलेला शब्द समोरून, दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या सहज बाहेर पडला होता. घाटावरची ती उन्हं, ती नवीकोरी गाडी, ते एकवीस रुपये, तो ओरडणारा डबा सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि मग ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसायला काय झालं?" लंकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी खोटं नाय बोलत. ताई दर दिवाळीला एक पगार देती. पंधराशे. ताईला इचारा."

"पंधराशे!" गुरुजी उभे राहिले. गुडघ्यांची आठवणही त्यांना राहिली नाही. "अगं, तू आकडा सांगितलास! देवा रे, कोणीतरी आकडा सांगितला!"

त्यांनी टेबलावरचं सगळं उचललं. फकिराचं फिरून आलेलं पाकीट, जोडीदारांचे शंभर, वाल्मीकचे एक्कावन्न. वर स्वतःच्या पाकिटातले सहाशे. सगळं तिच्या हातावर ठेवलं. लंकाबाईने ते शांतपणे मोजलं, नोटा वेगळ्या केल्या आणि कमरेच्या पिशवीत घातल्या. तळहातावर तीन रुपयांची नाणी उरली.

"हे तीन जास्तीचे आले," ती म्हणाली आणि नाणी पुढे केली. "घ्या."

गुरुजींचा उजवा हात उठला. बोटं उघडायला लागली. दाराआडून तेजश्रीचा "अगं बाई" असा हलका आवाज आला. तेवढ्यात गुरुजींनी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट घट्ट पकडलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"शकुनाचे आहेत," ते दात आवळून म्हणाले. "तुझेच आहेत ते. जा, तुझी गाडी चुकेल."

"बरं," लंकाबाई म्हणाली. नाणी पिशवीत टाकली, चपला पायात सरकवल्या. "चार दिसांनी येते. भांडी साठवून ठेवू नका." आणि ती जिना उतरून गेली. मागे वळून बघितलं नाही, वाकली नाही, हात जोडले नाहीत.

मालिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवरा दारात पाठीमागे हात बांधून उभा, आणि चेहरा असा की पोराचं बारसं असावं.

"काय झालं? आणि हिने परत काय दिलं?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "अगं, काहीच नाही दिलं. साधा नमस्कारसुद्धा नाही!"